झाड कुठे लावायचं, हे कोण ठरवतं? गायरानाचा इतिहास आणि ‘प्राधान्य क्षेत्रा’चा नकाशा

गेल्या उन्हाळ्यात तेलगावपासून थोड्याच अंतरावरच्या एका गावी आम्ही ग्रामसभेला गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथलं प्रकरण अजून मिटलेलं नाही. विषय होता वृक्षलागवड आणि जमिनीचं पुनरुज्जीवन. शाळेच्या भिंतीवर एक रंगीत नकाशा लावला होता. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे मध्यम आणि लाल म्हणजे ‘प्राधान्य क्षेत्र’, जिथे काम सगळ्यात आधी सुरू करायचं. लाल रंगाचा सर्वांत मोठा डाग पडला होता गावच्या गायरानावर. त्या डागाखाली आमच्या लोकांची अकरा घरं बाजरी, तूर आणि मटकी पेरतात. काही घरं मातंगांची, काही बौद्धांची, दोन पारध्यांची.

नकाशा समजावून सांगणारा मुलगा सालस होता. तो म्हणाला, ही जमीन निकृष्ट आहे, उपग्रहावरून तसं दिसतं. मागे बसलेल्या एका आजी उठल्या. “लेकरा, ही जमीन पडीक हाय का? मंग आमी चाळीस वर्सं खाल्लं काय?”

सभेत हशा पिकला आणि विषय पुढे गेला. आम्हाला मात्र त्या प्रश्नाने घरी येईपर्यंत सोडलं नाही. कुठली जमीन आधी ‘सुधारायची’ हे तांत्रिक काम आहे, त्यात जातीचं काय, असं आपल्यातल्याही अनेक शिकलेल्या तरुणांना वाटतं. आमचं म्हणणं असं की प्राधान्याचा हा नकाशा कोऱ्या कागदावर काढलेला नाही. त्याच्या खाली शंभर वर्षांचा एक जुना नकाशा आहे. तो वाचता आला नाही, तर झाडाच्या नावाने होणारी बेदखली आपल्याला विकास वाटेल, आणि तिला विरोध करणारा आपलाच माणूस आपल्याला अडाणी वाटेल.

तो जुना नकाशा निजामाच्या महसूल खात्याचा आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तिथला जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे साधारण १९०७ सालचा. त्या दप्तरात गावाची जमीन दोन प्रकारे दिसते. एक, जिच्यावर सारा बसतो आणि जी कुणाच्या तरी खात्यावर आहे. दुसरी, जिच्यावर सारा नाही किंवा जिचा खातेदार नाही. हिला नावं होती गायरान, परमपोक, खारीज खाता. आज जुन्या कागदांत हे शब्द वाचताना गंमत वाटते, पण त्यांच्यात एक दृष्टी आहे. सरकारला पैसा देते ती जमीन, बाकीची नुसतीच जागा. त्या जागेवर कोण काय करतं, याची नोंद करायची सरकारला गरज वाटली नाही.

आणि तिथे बरंच काही चालत होतं. महारवाड्यातली, मांगवाड्यातली शेळी तिथे चरायची. मेलेलं जनावर ओढून नेण्याची, सोलण्याची जागा तिथेच असायची. मातंग माणूस केकताड कापून, कुजवून, त्याचे तंतू काढून दोर वळायचा. ते केकताड याच माळांवर आणि बांधांवर वाढायचं. सरपण, बोरं, तरवडाची साल, पळसाची पानं, सगळं तिथून यायचं. ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, त्यांचं जगणं दप्तरात ‘काही नाही’ म्हणून लिहिलेल्या जमिनीवर उभं होतं. गावाने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं आणि महसूल खात्याने आपल्या वापरातली जमीन खात्याबाहेर ठेवली. या दोन्ही हद्दी बहुतेक गावांत एकमेकींना चिकटूनच सापडतात. आपल्या वस्तीतून बाहेर पडलं की गायरान लागतं, हा योगायोग नाही.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९४७ साली संविधान सभेसाठी त्यांनी जो मसुदा तयार केला, तो ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने आपल्याला ठाऊक आहे. त्यातली राज्य समाजवादाची आणि शेतीच्या राष्ट्रीयीकरणाची चर्चा आपण नेहमी करतो. त्याच मसुद्यात स्वतंत्र वसाहतींची मागणी आहे, तिच्याकडे आपलं कमी लक्ष जातं. सरकारच्या मालकीची, लागवडीजोगी पण न कसलेली जमीन एका वसाहत आयोगाच्या ताब्यात द्यावी, आयोगाने ती अनुसूचित जातींच्या वसाहतींसाठी विश्वस्त म्हणून सांभाळावी, आणि केंद्र सरकारने आयोगाला दरवर्षी किमान ५ कोटी रुपये द्यावेत, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे ज्या जमिनीला आज ‘पडीक’ म्हणतात, तिच्यावर पहिला हक्क कुणाचा, याचं उत्तर बाबासाहेबांनी ७५ वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं. तेव्हा ते कुणी मान्य केलं नाही. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला बोलताना खेड्यातल्या भूमिहीन माणसाची काळजी त्यांनी पुन्हा बोलून दाखवली. त्यानंतर नऊ महिन्यांत ते गेले.

पुढचं काम दादासाहेब गायकवाडांनी अंगावर घेतलं. १९५३ साली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९५९ मध्ये रिपब्लिकन पक्षाने महाराष्ट्रात तो मोठ्या प्रमाणावर केला. ६ डिसेंबर १९६४ ला, महापरिनिर्वाण दिनीच, देशभर सुरू झालेल्या सत्याग्रहात लाखो माणसं तुरुंगात गेली. बायका लेकरं काखेत घेऊन गेल्या. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना दिलेल्या मागण्यांत पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी अग्रभागी होती. आज दादासाहेबांच्या जयंतीला आपण मिरवणूक काढतो, पण ‘जमिनीचा सत्याग्रह’ म्हणजे नेमकं काय झालं, हे विचारलं तर दहातली आठ मुलं गप्प बसतात. आम्ही हे रागाने म्हणत नाही. आम्हालाही एम. ए. करताना कुणी शिकवलं नव्हतं. जमीनसुधारणेच्या धड्यात कूळकायदा होता, भूदान होतं, कमाल जमीनधारणा होती. लाखोंचा तुरुंगवास नव्हता.

मराठवाड्यात या सत्याग्रहांचा परिणाम पुस्तकात नाही, तर माळावर दिसला. माणसं गायरानावर जाऊन दगड वेचू लागली. १९७२ च्या दुष्काळाने त्याला जोर दिला. गावात मजुरी नाही, पाटलाच्या खळ्यावर धान्य नाही, तेव्हा खडी फोडून आलेल्या माणसाने दोन-तीन एकर माळ साफ केला. असं करणं म्हणजे गावाशी वैर घेणं होतं. ज्या माणसाकडे तीन एकर बरड का होईना पण पेरायला आहे, तो फुकट राबायला येत नाही, मेलेलं ढोर ओढत नाही, सालगडी म्हणून राहताना घासाघीस करतो. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या, तो राग केवळ विद्यापीठाच्या पाटीवरचा नव्हता. गायरान धरून बसलेला, बलुत्याची कामं सोडलेला माणूस डोळ्यांत खुपत होता.

सरकारने हे अतिक्रमण नियमित करण्याचे निर्णय घेतले. एक १९७८ सालचा. दुसरा २८ नोव्हेंबर १९९१ चा, आणि त्याची तारीख प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असायला हवी. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीनांनी शेतीसाठी केलेलं अतिक्रमण नियमित करावं, असा तो निर्णय. १४ एप्रिल १९९० कुठून आली, हे सांगायला नको. बाबासाहेबांचं जन्मशताब्दी वर्ष त्या दिवशी सुरू झालं.

पण सरकारी कागदाला पुरावा लागतो. दप्तराबाहेरच्या जमिनीवर दप्तराबाहेरच्या माणसाने पुरावा आणायचा कुठून? इथे गंमत झाली. तलाठ्याने ज्या वेळी दंड केला त्याची पावती, तहसीलची अतिक्रमण हटवण्याची नोटीस, गावाने पोलिसांत केलेली तक्रार, १-ई ला झालेली नोंद, हेच पुरावे ठरले. ज्याला जास्त वेळा हाकललं, त्याची केस भक्कम. ज्याला तलाठ्याने तोंडी दम देऊन सोडलं, त्याच्या हातात काहीच नाही. आम्ही एका घरात पत्र्याच्या पेटीत, साडीत गुंडाळून ठेवलेल्या दंडाच्या पावत्या पाहिल्या आहेत. १९८४, १९८६, १९८९. पावती फाटू नये म्हणून ती बाई पेटी उघडताना हात धुऊन येते.

या लढाईचं बीड जिल्ह्यातलं केंद्र तेलगाव. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते जिथे भेटतात ते हे गाव बाहेरच्यांना साखर कारखान्यामुळे माहीत असतं. आपल्याला ते माहीत असायला हवं एकनाथ आवाडांमुळे. लोक त्यांना जिजा म्हणत. दुकडेगावच्या पोतराजाचा हा मुलगा. शिकला, समाजकार्यात उतरला आणि तेलगावला ग्रामीण विकास केंद्र व मानवी हक्क अभियानाचं काम उभं केलं. नव्वदच्या दशकात गायरानाचा प्रश्न त्यांनी जिल्ह्यातून मराठवाडाभर नेला. गावोगाव गायरानधारकांची यादी करणं, पीकपेऱ्याच्या नोंदीसाठी तलाठ्याच्या मागे लागणं, पेरणीच्या दिवशी हल्ला होणार असेल तर शेजारच्या दहा गावांतून माणसं आणून एकत्र पेरणी करणं, ही त्या कामाची रीत होती. मातंग आणि बौद्ध एका बांधावर उभे राहिले तरच गायरान टिकेल, हे त्यांनी सांगितलं आणि करून दाखवलं. २००६ साली त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. २५ मे २०१५ ला ते गेले. त्यांच्या पद्धतीबद्दल, परदेशी निधीबद्दल चळवळीत वाद झाले, आजही होतात. ते वाद करायलाच हवेत. पण त्यांच्या कामामुळे किती तरी घरांतला कोयता खाली ठेवला गेला, हे या भागात फिरणाऱ्याला नाकारता येणार नाही. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते आणि तिला कोयता म्हणतात. माणसाचं नाव हत्यारावरून पडलेलं. ज्यांना गायरानातून सहा-आठ महिन्यांचं धान्य मिळू लागलं, त्यांतल्या काहींनी मुकादमाची उचल घेणं थांबवलं. मुलं शाळेत टिकली. आमच्यासारखे काही जण त्यातूनच आले.

आता त्या जमिनीकडे पाहू. बालाघाटच्या डोंगररांगेतला हा माळ म्हणजे काळ्या पाषाणावर वीतभर माती. खाली मुरूम. पाऊस झाला की पाणी मातीसकट ओढ्यात, ओढ्यातून कुंडलिकेत किंवा सिंदफणेत. असा माळ पिकाखाली आणायला काय करावं लागतं? आधी दगड वेचायचे. तेच दगड उताराला आडवे रचून बांध घालायचा. पावसाळ्यात बांधाच्या वरच्या बाजूला गाळ साठतो, तिथे पहिल्या वर्षी मटकी किंवा हुलगा. चार-पाच वर्षांनी बाजरी. दहा वर्षांनी तूर. बांधावर केकताड आणि बोर ठेवायची, म्हणजे माती धरली जाते आणि गुरं आत येत नाहीत. सीताफळ आपोआप येतं. धारूर-बालाघाटच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्याचं कौतुक पेपरात आलं, पण ती झुडपं माळावर तोडू न देता जपणारे कोण, हे छापून आलं नाही. कृषी खात्याच्या भाषेत याला मृद व जलसंधारण म्हणतात, आणि त्यासाठी हेक्टरी अंदाजपत्रक करतात. आमच्या बापजाद्यांनी ते अंदाजपत्रकाशिवाय केलं, वर दंड भरून केलं. जमिनीचं पुनरुज्जीवन ज्याला म्हणतात ते या गायरानांवर एकदा होऊन गेलेलं आहे. त्याची नोंद फक्त ‘अतिक्रमण’ या रकान्यात आहे.

मग हीच जमीन नकाशात लाल कशी होते? सरकारी वृक्षलागवडीचा इतिहास पाहिला की ते कळतं. राज्यात सामाजिक वनीकरण विभाग १९८२ साली सुरू झाला. १९८५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापलं आणि दरवर्षी ५० लाख हेक्टरवर झाडं लावण्याचं उद्दिष्ट ठेवलं. एवढी जमीन कुठून आणणार? बागायतदाराच्या उसात तर खड्डे खणता येत नाहीत. तेव्हापासून वनीकरणाची नजर गायरानावर आहे. पुढे उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचे पडीक जमिनीचे नकाशासंग्रह निघाले. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत महाराष्ट्र सरकारने २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी अशी वृक्षलागवडीची उद्दिष्टं जाहीर केली. खड्डे तेच, रोपं दरवर्षी नवी, हा विनोद तेव्हापासून गावोगाव चालतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर २०११ साली बॉन चॅलेंज आलं. त्यात भारताने २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर निकृष्ट जमीन सुधारण्याचं वचन दिलं आहे. २०२३ मध्ये ग्रीन क्रेडिटचे नियम आले. कंपनीने पैसे भरायचे, वन खात्याने निकृष्ट जमिनीचे तुकडे निवडून द्यायचे, झाडं लागली की कंपनीच्या खात्यावर श्रेय जमा, अशी त्यांची सुरुवातीची रीत होती. त्या नियमांत जमिनीची अट ‘सर्व प्रकारच्या बोज्यांपासून मुक्त’ अशी होती. हा शब्द नीट ऐका. जमिनीवरचा बोजा म्हणजे त्या आजी आणि त्यांच्या पेटीतल्या पावत्या.

जागा निवडण्याची शास्त्रीय पद्धत काय असते, हेही आपण समजून घेतलं पाहिजे, नाहीतर सभेत आपण फक्त ओरडतो आणि ते आकडे दाखवतात. साधारणपणे असं करतात: जमिनीचा उतार, मातीची खोली, धूप, झाडोरा, पावसाचं प्रमाण असे थर एकावर एक ठेवतात, प्रत्येकाला गुण देतात, आणि ज्या तुकड्याला जास्त गुण तो प्राधान्याचा. त्यात मालकीचा थर येतो. सरकारी जमीन असेल तर काम सोपं, म्हणून गुण जास्त. तुकडा सलग आणि मोठा असेल तर खर्च कमी, म्हणून गुण जास्त. झाडोरा मोजायला चित्र कधीचं घेतलं, यावर पुढचं सगळं ठरतं. एप्रिल-मेचं चित्र घेतलं तर खरिपाचं कोरडवाहू रान उघडं बोडकं दिसणार आणि खालच्या बाजूचा ऊस हिरवागार. म्हणजे पाणी पिऊन टाकणारा ऊस ‘ठीक’ आणि पावसाच्या भरवशावर दोन पोती बाजरी काढणारा ‘निकृष्ट’! सप्टेंबरचं चित्र घेऊन बघा, तोच डाग हिरवा दिसेल.

न्यायाने हेही सांगितलं पाहिजे की या पद्धतीचं जे मूळ मार्गदर्शक पुस्तक आययूसीएन आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थांनी २०१४ साली काढलं, त्यात जमिनीवर कुणाचे हक्क आहेत, निर्णयाचा फटका कुणाला बसेल, स्थानिकांचं म्हणणं काय, हे तपासा असं स्पष्ट लिहिलं आहे. पद्धत वाईट नाही. ती आपल्या गावात उतरते तेव्हा हक्काचा थर गळतो. कारण हक्क विचारायचे कुणाला, तर सातबाऱ्याला. आणि सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं ‘सरकार, गायरान’. निजामाच्या दप्तरातला कोरा रकाना शंभर वर्षं फिरून संगणकात कोराच पोहोचतो.

वनहक्क कायदा आहे ना, असं काही मित्र विचारतात. २००६ चा तो कायदा वनजमिनीला लागू होतो, आणि आदिवासींखेरीज इतरांना तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. मराठवाड्यातलं गायरान ही महसुली जमीन. आपल्याला त्या कायद्याचा उपयोग जवळजवळ नाही. आणि कोर्टाचं म्हणाल तर २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असा आदेश दिला. त्या खटल्यात पंजाबातल्या गावतळ्यावर धनदांडग्यांनी घरं बांधली होती. निकाल त्यांच्याविरुद्ध होता. निकालात अपवादही आहे: शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिलेला असेल, तर नियमित करता येईल. आपल्याकडे १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने अतिक्रमणं काढायचा भाग गावोगाव पोचवला. अपवाद तहसीलच्या कपाटात राहिला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयात राज्यातल्या २ लाखांहून अधिक गायरान अतिक्रमणांचा विषय आला तेव्हा पुन्हा नोटिसा फिरल्या. शिवाय सौर कृषी वाहिनी योजनेत वीज उपकेंद्राजवळच्या सरकारी जमिनी सौर प्रकल्पांना देणं सुरू झालं. म्हणजे एकाच गायरानावर झाडाचा नकाशा, सौरपट्ट्यांचा नकाशा आणि अतिक्रमण हटावची यादी, असे तीन कागद. तिन्हींत आपल्या माणसाचं नाव नाही.

झाडांना आमचा विरोध आहे, असा अर्थ कुणी काढू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते आम्ही विसरलेलो नाही. मराठवाड्यात जंगल राज्यात सर्वांत कमी आहे आणि दुष्काळात सर्वांत आधी आपलीच वस्ती होरपळते. टँकर आला तरी रांगेत आपली घागर शेवटी. जमीन सुधारली पाहिजे, डोंगर झाकला पाहिजे. वाद एवढाच आहे की सुरुवात कुठून. पाणलोटाचं शास्त्रच सांगतं, माथ्यापासून पायथ्याकडे या. मग बालाघाटच्या माथ्यावर वन खात्याच्याच ताब्यातल्या उघड्या जमिनी आहेत, त्या आधी घ्या. ओढ्या-नाल्यांचे काठ बड्या शेतकऱ्यांनी नांगरून नाल्याची नाली केली आहे, तो पट्टा मोकळा करून तिथे लावा. तेही अतिक्रमणच आहे, पण ते कुठल्याच नकाशात लाल होत नाही. आणि गायरान घ्यायचंच असेल तर कसणाऱ्याच्या नावावर करून, त्याच्याच हाताने, बांधावर बोर-सीताफळ-लिंब लावून घ्या. मालकी मिळाली तर तो झाड पोटच्या पोरासारखं जपेल. रोजगार हमीची मजुरी त्याला द्या.

हे स्वप्नरंजन नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरावर न देता माणशी दिला, भूमिहीनालाही दिला, आणि उसाला बंदी केली. पाणलोटाच्या कामात समता आणता येते, हे तिथे दिसलं. आदर्श गाव म्हणून मात्र देशभर गाजली ती चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करणारी गावं. बंदीचा भार कुणावर पडला? ज्याच्याकडे दोन शेळ्या होत्या आणि चारायला स्वतःचा बांध नव्हता, त्याच्यावर. मुकुल शर्मा यांनी जात आणि पर्यावरण यांच्या नात्यावर जे लिहिलं आहे, ते आपल्या अभ्यासवर्गांत वाचलं जावं अशी आमची सूचना आहे.

आता थोडं आपल्या घरातलं. गायरान वाचवा म्हणताना काही गोष्टी आपण लपवतो. रस्त्यालगतच्या गायरानावर हॉटेलं आणि प्लॉट टाकणारे पुढारी सगळ्या जातींचे आहेत, आपलेही आहेत, आणि मोर्चात पुढे तेच असतात. काही जणांनी कसायला मिळालेली जमीन शंभराच्या स्टँपवर दुसऱ्याच्या घशात घातली. जिथे पट्टे झाले, तिथे सातबारा बहुतेक पुरुषाच्या नावावर झाला; दगड वेचणाऱ्या बाईचं नाव ना दंडाच्या पावतीवर होतं ना पट्ट्यावर. आणखी एक अवघड बाब. गायरान पिकाखाली आलं तेव्हा धनगराची मेंढरं आणि आपल्याच विधवांच्या शेळ्या यांचं कुरण कमी झालं. या प्रश्नाचं तयार उत्तर आमच्याजवळ नाही. पण ते शोधायचं असेल तर धनगर, पारधी, मातंग, बौद्ध यांनी एकत्र बसून गायरानाचा स्वतःचा नकाशा करावा लागेल: किती कसायचं, किती चरायला, किती झाडाला. हे काम दुसऱ्याने केलं की काय होतं ते आपण पाहिलंच आहे.

त्या गावात आम्ही हेच सुरू केलं आहे. लाल डागाचा गट क्रमांक काढला. पीकपेरा आणि १-ई ची नक्कल माहितीच्या अधिकारात मागितली. सप्टेंबरमध्ये, उभ्या पिकात, प्रत्येक रानाचा तारखेसह फोटो घेतला. बांधांची लांबी पावलांनी मोजली, बोरी आणि सीताफळं मोजली. अकरा घरांच्या मिळून बांधांवर चारशेच्या वर झाडं निघाली, तीही कुणी न लावता, नुसती राखलेली. हे सगळं ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायचा आग्रह धरला. ग्रामसेवकाने पहिल्या वेळी टाळलं, दुसऱ्या वेळी लिहिलं. ज्या तरुणांना हे आपल्या गावात करायचं आहे, त्यांनी एक लक्षात ठेवावं: खड्डे खणायचं काम उन्हाळ्याआधी, बरेचदा जानेवारी ते एप्रिलमध्ये सुरू होतं, आणि तेव्हा आपली माणसं कारखान्यांच्या फडात असतात. दिवाळीनंतर टोळ्या निघण्याआधी कागद तयार हवेत, आणि गावात मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कुणाकडे तरी त्यांची एक प्रत आणि आपला फोन नंबर हवा.

त्या आजींनी आपली प्रत पत्र्याच्या पेटीत, दंडाच्या पावत्यांवर ठेवली आहे. येत्या मंगळवारी तहसीलला सुनावणी आहे.

जय भीम!